आठ आऱ्यांचं चक्र

पार्सिपनी, न्यू जर्सी
२८ सप्टेंबर

प्रिय कुशल,

सप्रेम जयभीम. आणि हे पत्र तुझ्याआधी जे कोणी साहेब फोडून वाचतील त्यांनाही जयभीम. साहेब, वाचून झालं की नीट चिकटवा. मागच्या वेळी कुशलला पाकीट अर्धं उघडं मिळालं होतं.

आई बाबांना लिहायची तेव्हा अशीच आधी साहेबांची विचारपूस करायची, आठवतं? बाबा सुट्टीवर आले की म्हणायचे, "अंजना, तुझ्या पत्राची माझ्यापेक्षा आमच्या कॅप्टनलाच जास्त घाई असते." आता बाबा नाहीत आणि तू त्याच नियंत्रण रेषेवर जाऊन बसलायस, म्हणून घरची रीत मी पुढे चालवतेय.

तुमचे मोबाईल जमा करून घेतले, हे आईकडून कळलं. घेतले तर घेतले. निदान रात्रंदिवस "ताई, काय करतेस" असे मेसेज तरी येणार नाहीत. पण लिहायची सवय गेलीय रे. चार ओळी झाल्या की हात भरून येतो. हे पत्र शेखरच्या ऑफिसातल्या एका काकूंच्या बॅगेतून मुंबईला जाईल, तिथून कुरिअरने नागपूरला, आणि मग आई त्यावर तुझा तो पत्ता घालेल, ज्यात गाव नाही, तालुका नाही, नुसतं फौजेच्या टपालाचं ५६ ए.पी.ओ. शेखर म्हणतो, "यार, एवढ्यात तर माणूस चालत पोचेल." माझ्या नवऱ्याला बोलायला काय जातंय!

सई मजेत आहे. परवा टीव्हीवर तुमच्याकडच्या गोळीबाराची बातमी लागली, तर विचारते, "मम्मा, इज मामा इन दॅट?" मी म्हटलं, नाही गं, मामा वेगळ्या डोंगरावर आहे. मला काय माहीत कोणता डोंगर. पण लेकरांना असं ठासूनच सांगावं लागतं.

तू विचारलंस, मी इथे नेमकं करते काय. आकाशातून उपग्रह जमिनीचे फोटो काढतात आणि आमची कंपनी ते विकते. शेतीवाले घेतात, विमावाले घेतात, सरकारं घेतात. कोण घेतंय ते आम्हाला दिसत नाही, गिऱ्हाइकाचा नुसता नंबर असतो. फोटोवर ढग असतील तर तो बाद, मग पुढच्या फेरीत पुन्हा काढायचा. ढग आहेत की नाहीत ते मशीनच ठरवतं, पण डोंगराळ भागात त्याची फजिती होते. त्याला बर्फही पांढरा आणि ढगही पांढरा. मग असे फोटो माझ्याकडे येतात आणि मी "ढगाळ" किंवा "स्वच्छ" असं बटण दाबते. झालं. तुझी ताई एम.टेक. होऊन अमेरिकेत ढग बघते. हास आता.

चक्राचं वाचून मला फार मजा वाटली. चौकीसमोरच्या सपाटीवर चुना फासलेले दगड मांडून अशोकचक्र करायला निघालात, चोवीस आऱ्यांना दगड पुरेनात, म्हणून आठांवर थांबलास आणि सगळ्यांना ऐटीत सांगितलंस की हे धम्मचक्र आहे! बाबा असते तर त्यांनी आपल्या आख्ख्या इंदोरा मोहल्ल्याला सांगितलं असतं.

परवा ऑफिसात एक फोटो समोर आला. असो. थंडी सुरू झाली असेल, मफलर वापर.

तुझी,
ताई


पार्सिपनी
९ ऑक्टोबर

प्रिय कुशल,

सप्रेम जयभीम. फोडणाऱ्या साहेबांनाही.

आधी कामाचं. ते चक्र काढून टाका. दगड उचलून इकडेतिकडे फेकून द्या, चुना खरवडा, वर माती टाका. सुभेदारसाहेब विचारतील तर सांग की बहिणीचं डोकं फिरलंय. मला का ते विचारू नकोस. लहानपणी विहिरीच्या काठावरून मी तुला ओढलं तेव्हा आधी कारण सांगत बसले होते का?

आता घरचं. आई यंदाही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन आली. गर्दीत चप्पल हरवून अनवाणी घरी आली आणि वर मलाच म्हणते, "काहून ओरडतेस, चप्पलच तं गेली." तुझ्यासाठी तिने तिथे मेणबत्ती लावली. मला फोनवर स्तूप दाखवत होती, पण कॅमेरा उलटा धरल्यामुळे मला सगळा वेळ तिचं कपाळच दिसलं. त्या कपाळावर आठ्या किती झाल्यात ते तेव्हा लक्षात आलं.

ती बातम्या बघत नाही असं सांगते. खोटं आहे. फोनवर मागे निवेदक ओरडत असतो, "पुन्हा एकदा शस्त्रसंधीचं उल्लंघन", आणि आई माझ्याशी मेथीच्या भाजीबद्दल बोलते. मीही मेथीबद्दलच बोलते.

मी बरी आहे. झोप थोडी कमी झालीय. शेखर विचारतो, ऑफिसात काही झालंय का? मी म्हणते, काम वाढलंय. ते खरंच आहे. काही फोटो पुन्हापुन्हा येतात. एकदा बाद केला की पुढच्या फेरीचा येतो, तो बाद केला की त्याच्या पुढचा. ज्याला हवाय त्याला तो फार हवाय, कारण आता त्या मागणीवर "तातडीचे" अशी लाल खूण आलीय.

चक्राचं विसरू नकोस. वरून दिसतं ते. फार स्पष्ट दिसतं.

तुझी,
ताई


पार्सिपनी
२४ ऑक्टोबर

प्रिय कुशल,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं, म्हणजे आईने त्याचा फोटो पाठवला. तारीख पाहिली, माझी दोन्ही पत्रं मिळायच्या आधीचं दिसतंय. तू लिहितोस, दिवाळीसाठी चौकी झाडली आणि चक्राला नवा चुना दिला, आता ते चांदण्यातही उठून दिसतं. वाचून मी इतकी रडले की सई घाबरून तिच्या बाबाला बोलवायला गेली.

कुशल, आता फिरवून फिरवून सांगण्यात अर्थ नाही. पहिल्या पत्रात मी जो फोटो म्हणाले आणि मग "असो" लिहिलं, तो तुमच्या डोंगराचा होता. मला तुझी जागा कोणी सांगितली नाही, तूही नाही. मी बर्फाचा एक पट्टा बघत होते आणि सपाटीवर चाकासारखं काही दिसलं. मोठं करून पाहिलं. आरे मोजले. आठ. असं आठ आऱ्यांचं चक्र त्या सगळ्या डोंगरांत दुसऱ्या कोणी कशाला मांडलं असेल? बाजूला पत्र्याचं छप्पर, त्यापासून खाली उतरणारी पायवाट आणि पायवाटेवर ठिपके. ठिपके म्हणजे माणसं. त्यातला एखादा ठिपका तू.

आकाशात ढगाचा पुंजकाही नव्हता. मी "ढगाळ" दाबलं.

विचार करून नाही दाबलं. हातच तिकडे गेला. कोणीतरी, कुठल्यातरी देशात बसून, माझ्या भावाच्या चौकीचा फोटो मागतंय आणि मी तो पुढ्यात ठेवू? तेव्हापासून त्या डोंगराचे जेवढे फोटो आले तेवढ्यांवर मी ढग आणले. माझ्याकडून त्या डोंगरावर महिनाभर आभाळ भरून आलंय.

शेखरला सांगितलं नाही. आमचा व्हिसा माझ्या नोकरीला बांधलेला आहे. त्याचं ऑफिस त्याच्यासाठी वेगळा व्हिसा काढणार नाही, हे त्याला कळून चुकलंय. नोकरी गेली तर सईची शाळा, हे घर, सगळं आवरून निघावं लागेल.

आणि आता निमिषला शंका आलीय. निमिष आमचा टीम लीड, पुण्याचा, माणूस चांगला आहे. काल कॅफेटेरियात ट्रे घेऊन समोर येऊन बसला.

"उपासना, तो काश्मीरचा फोटो आहे ना, तो प्रत्येक फेरीत क्लाउडी कसा काय?"

"डोंगर आहे रे. ढग अडकतात."

"ऑक्टोबरमध्ये? मी वेदर डेटा चेक केला. क्लिअर दाखवतोय यार."

"मग बर्फाचं धुकं असेल."

त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. मग म्हणाला, "कस्टमरने वरपर्यंत एस्कलेट केलंय. आपण दोघं बसून एकदा सगळे फोटो रिव्ह्यू करू. तू तोपर्यंत नोट्स काढून ठेव, ओके?" जाताना खांद्यावर हात ठेवून गेला. त्या हाताचीच मला भीती वाटली.

तेव्हा तू आता तरी ते चक्र मोडलं असशील अशी आशा करते. पुढच्या फोटोवर ढग कोण आणेल ते सांगता येत नाही.

साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर यात कुशलची काही चूक नाही. त्याने मला काहीच सांगितलेलं नाही. बाकी माझं काय व्हायचं ते इथे होईल.

तुझी,
ताई


पार्सिपनी
८ नोव्हेंबर

प्रिय कुशल,

आणि माननीय साहेब,

आज तुम्हाला दोघांनाही लिहितेय. साहेब, आजवर मी तुमची थट्टा केली, आईची रीत म्हणून. आज हात जोडून सांगते, हे पाकीट तुम्हीच आधी फोडा. कुशल कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल. त्याच्या समोरच्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर देवदारांची राई आहे. तिथे बघा.

हे पत्र पोचेपर्यंत उशीर झालेला असेल, ते मला कळतं. तरी लिहिते.

कुशल, निमिषबरोबर बसायच्या आधी मी बाद केलेले सगळे फोटो उघडले. काहीतरी खोटं तयार करावं लागणार होतं, कुठे धुकं म्हणायचं, कुठे सावली. महिनाभर मी तो फोटो उघडला की आधी चक्र शोधायचे, मग छप्पर, मग पायवाट. तू आहेस एवढं दिसलं की "ढगाळ" दाबून बंद. उरलेल्या फोटोकडे एकदाही पाहिलं नाही. ढग तपासणाऱ्या बाईने आख्खा फोटो बघायचा असतो, तेवढ्यासाठीच तिला नोकरीवर ठेवलेलं असतं. आणि मी बहीण होऊन एकच कोपरा बघत बसले होते.

फोटोत तुमची बाजू होती तशी डोंगराची धार ओलांडून पलीकडचा उतारही होता. एकाच चौकटीत दोन्ही. पहिल्या फोटोत तिथे नुसती झाडं. पुढच्यात झाडांमध्ये शिरलेल्या चाकोऱ्या. त्याच्या पुढच्यात झाडांसारखाच रंग, पण झाडांना सावली असते आणि त्या हिरव्याला नव्हती. जाळ्या टाकल्या होत्या. आणि परवाच्या फोटोत जाळ्यांच्या कडेने बाहेर आलेल्या लांब, सरळ सावल्या, एका ओळीत. मी तोफखान्यातली नाही, पण बाबांची मुलगी आहे. मला समजलं.

तो फोटो कोण मागत होतं? मी धरून चालले होते की तुझा शत्रू. पण आपलीच माणसं मागत असतील तर? त्यांना पलीकडचं बघायचं असेल तर? मग महिनाभर त्या तोफांवर मीच पांघरूण घातलं. त्यांच्या जाळ्या नंतर आल्या, माझे ढग आधी.

मला माहीत नाही, कुशल. गिऱ्हाइकाचा नंबर समोर आहे आणि त्यावरून काहीच कळत नाही. 

आणि हे सगळं कधी, तर शस्त्रसंधी पुन्हा ठरल्यावर. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचं फोनवर बोलणं झालं, गोळीबार थांबला असं टीव्हीवर आलं, आईने खीर केली आणि शेजारीपाजारी वाटली. मला म्हणाली, "आता तं तो मोबाईल मिळेल ना गं त्याले?" ती फोनवर खिरीचं पातेलं दाखवत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या सावल्या होत्या. तिने वाटलेली खीर अजून लोकांच्या घरात शिल्लक असेल, तोवर पुन्हा बातमी आली. पुन्हा उल्लंघन. या वेळी बंदुका नव्हत्या, तोफा होत्या.

मी भारतात फोन लावला. कोणाला ते लिहीत नाही. पलीकडचा आवाज म्हणाला, "मॅडम, आप कहाँ से बोल रही हैं?" मी म्हटलं, अमेरिका से. "भाई की लोकेशन आपको किसने बताई?" मी फोन ठेवला. उत्तर काय देणार? मी काहीही सांगितलं असतं तरी ते तुझ्यावरच आलं असतं.

मग जे हातात होतं तेच केलं. दिवसाढवळ्या, आपल्या जागेवर बसून, शेजारी लोक कॉफी पीत होते तेव्हा, मी एकेक फोटो उघडला आणि "ढगाळ"चं "स्वच्छ" केलं. सगळ्यांचं. ते सगळे गिऱ्हाइकाकडे गेले. आपल्यांकडे गेले असतील तर त्यांना राई दिसली असेल. पलीकडच्यांकडे गेले असतील तर त्यांना तू दिसला असशील. मी दोन्हीचा विचार केला, खूप केला, आणि मग बटण दाबलं. बरोबर केलं का ते कोणाला विचारू? तुलाच विचारायची सवय नाही, नेहमी तू मला विचारायचास.

त्यानंतर निमिषच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. त्याने दार लावलं. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "उपासना, मला हे रिपोर्ट करावं लागेल गं. आय हॅव नो चॉइस." मी म्हटलं, कर. मग हळूच त्याने विचारलं, "भाऊ धाकटा ना? नाव काय?" मी नाव सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रिपोर्ट त्याने त्याच दुपारी केला.

शेखरला घरी येऊन सांगितलं. तो चिडेल, ओरडेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर आपण दोघांनी मिळून आख्खा फोटो पाहिला असता." त्याचं खरं आहे. सई बाहेर पाचोळ्यात उड्या मारत होती. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

आता शेवटचं.

माझा पासवर्ड बंद व्हायच्या आधी त्या दिवशी सकाळचा फोटो येऊन पडला होता. या वेळी मी आख्खा पाहिला. राई होती, जाळ्या होत्या. मग धार ओलांडून तुमच्या सपाटीवर आले.

चक्र नाही, कुशल.

छप्पर नीट दिसत नाही, त्याच्यावर सावली आहे. चक्राच्या जागी काळपट डाग आहे. ओली माती असली की अशीच दिसते, दगड उपटून वर माती टाकली की. जळालेलं रानही असंच दिसतं. मी जेवढं मोठं करता येतं तेवढं मोठं केलं. पांढरं काय आहे, बर्फ की ढग, ते ओळखायची मला सवय आहे. काळं काय आहे ते मला ओळखता आलं नाही. पायवाटेवर एकही ठिपका नव्हता.

माझं दुसरं पत्र ९ ऑक्टोबरचं. तेव्हा निघालेलं पत्र तुला मिळालं असणार. मिळालं असेल, तू वाचून हसला असशील, ताईचं डोकं फिरलंय म्हणाला असशील आणि तरी दगड उचलले असशील. तू माझं ऐकतोस. विहिरीच्या वेळीही कारण विचारलं नव्हतंस.

आई रोज विचारते, पत्र आलं का. मी म्हणते, येईल. मग ती मेथीचं बोलते.

मोठं पत्र लिहू नकोस. खुशाली नको, हवापाणी नको. "दगड मी उचलले" एवढे तीन शब्द लिही, आणि अक्षर तुझंच असू दे.

साहेब, त्याला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहू नका. मी वाट बघेन.

ताई